बंध तुटला की ऊर्जा निघते असंच पोरांच्या डोक्यात बसलंय, कसं काढू?

शिकवणी_अमळनेर

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या एका गावात घरीच शिकवणी घेतो, दहावी ते बारावी सायन्स. एमएस्सी केमिस्ट्री झालंय, शिकवायला लागून दोन वर्षं झाली. एक गोष्ट आठवडाभर डोक्यात फिरतेय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

सोमवारी बारावीच्या पोरांना थर्मोडायनॅमिक्स सुरू करायच्या आधी कोरा कागद दिला आणि एकच विचारलं, गॅस जळतो तेव्हा उष्णता कुठून येते ते तुमच्या शब्दात लिहा. मार्क नाहीत, नाव टाकायचं नाही. सव्वीस कागद आले आणि त्यातल्या वीसेक जणांचं उत्तर एकच, गॅसच्या बंधात, म्हणजे अणू-अणूंना जोडणाऱ्या जोडात, ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटले की ती बाहेर पडते. एकाने तर चित्र काढलंय. दोन गोळे, मधे काडी, काडी मोडलेली आणि मोडल्या जागेतून ज्वाळा निघताहेत. चित्र इतकं मन लावून काढलंय की मला ते चूक म्हणताना वाईट वाटलं.

मग मी सांगितलं की बाबांनो उलटं आहे, बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध बनताना ती निघते. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं तर पुन्हा तेच! एक पोऱ्या म्हणतो, "सर, बंध तुटना का ऊर्जा निंघस, आम्हना बायोना पुस्तकमा बी तसंच शे." आणि खरंच, एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटतो आणि ऊर्जा मिळते असं ते बायोत शिकून आलेत. आता एका तासाला बंध तुटून ऊर्जा मिळते आणि पुढच्या तासाला बंध तोडायला ऊर्जा लागते, म्हटल्यावर पोरांनी ऐकायचं कुणाचं?

दहावीच्या पोरांची अजून वेगळी तऱ्हा. उष्माग्राही (उष्णता घेणारी अभिक्रिया) आणि उष्मादायी (उष्णता देणारी), फरक स्पष्ट करा म्हटलं की घडाघडा लिहितात. पण मेणबत्ती विचारली तर म्हणतात उष्माग्राही, कारण काडी लावावी लागते म्हणजे उष्णता द्यावी लागली ना. आणि पाण्यात युरिया टाकून ग्लास हातात दिला तर म्हणतात उष्मादायी, कारण गार लागतोय म्हणजे उष्णता बाहेर निघून गेली. दोन्ही ठिकाणी त्यांचं लॉजिक ऐकलं तर अगदीच वेडं नाहीये, हीच तर पंचाईत आहे.

व्याख्या पाठ करून बोर्डाचे मार्क मिळतात हे मलाही माहितेय. पण ही पोरं पुढे नर्सिंगला, फार्मसीला, ॲग्रीला जाणार, त्यांना हे आतून कळायला पाहिजे असं मनापासून वाटतं. जुन्याजाणत्या लोकांनी सांगा, तुम्ही कसं शिकवता?

---

तापीकाठचा_मास्तर

सर, पहिली गोष्ट, तो कोरा कागद दिलात हे फार चांगलं केलंत. मी शहाद्याकडे अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि पहिली दहा वर्षं तरी पोरांच्या डोक्यात आधीच काय आहे हे मी कधी विचारलंच नाही. सरळ फळा भरायचो.

माझ्या मते गडबड शब्दात आहे. आपण "साठवलेली ऊर्जा" म्हणतो आणि पोराच्या डोळ्यासमोर धान्याची कोठी येते. कोठी फोडली की दाणे बाहेर. मग बंध फोडला की ऊर्जा बाहेर, यात त्याचं काय चुकलं? वरून फटाका फुटतो, नारळ फुटतो, फुग्याची हवा सुटते, रोजच्या जगात काहीतरी फुटलं की आतलं बाहेर येतंच. तुम्ही त्याला एका वाक्यात उलटं सांगितलं तर तो वहीत लिहील पण मनात ठेवणार नाही, कारण मनात जागा आधीच भरलीय.

म्हणून मी बंध हा शब्द काढायच्याही आधी माठापासून सुरू करायचो. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री, प्रत्येक घरात माठ. माठातलं पाणी गार का होतं? पाझरून वर आलेलं पाणी उडून जातं, एवढं सगळ्यांना सांगता येतं. मग पुढचा प्रश्न, उडून जाताना उष्णता का नेतं? इथे थांबायचं, घाई करायची नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून आहेत, एकाला त्या घोळक्यातून सुटून हवेत जायचं तर ओढ तोडावी लागते, ओढ तोडायला ऊर्जा लागते आणि ती तो उरलेल्या पाण्याकडून घेतो. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण 2400 ज्यूल. आता उलट बाजू, कुकरच्या वाफेने हात का भाजतो? तीच वाफ हातावर पुन्हा पाणी होते, रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि नेलेली ऊर्जा परत देतात. हे रेणूंच्या मधलं ओढणं आहे, रेणूच्या आतला बंध नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगा. पण "सुटायला द्यावी लागते, धरलं की मिळते" हे इथे पोराला पटतं, कारण माठ त्याच्या घरात आहे.

मग दोन चुंबकं. जुन्या स्पीकरमधली घ्या, जोरदार असतात. पोराच्या हातात चिकटलेली जोडी द्या आणि ओढून काढ म्हणा. तोंड वाकडं होईपर्यंत जोर लावतो. विचारा, जोर कुणी लावला, तू की चुंबकाने? मग जवळ आणून सोडायला सांगा, टक्क करून आदळतात. तो आवाज, तो दणका, ती बाहेर आलेली ऊर्जा. माझ्या वर्गात एका मुलीने दोन बोटं मधे सापडून घेतली होती आणि तीच वर्षभर सगळ्यांना सांगत होती की जुळताना ऊर्जा निघते, मला विचारा. (जपून द्या, खरंच लागतं.)

यानंतरच आकडे. हायड्रोजन आणि क्लोरीन घ्या, सगळ्यात सोपं. एक मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचा ठरलेला मोठा गठ्ठा) एच-एच बंध तोडायला 436 किलोज्यूल, एक मोल सीएल-सीएल तोडायला 242. खर्च झाला 678. आता दोन मोल एच-सीएल बंध बनतात, प्रत्येकी 431, म्हणजे मिळाले 862. मिळाले वजा खर्च, 184 किलोज्यूल बाहेर. पोरांना स्वतःला करू द्या. तोडणं आणि जोडणं दोन्ही एकाच अभिक्रियेत होतं हे त्यांच्या हाताखालून गेलं पाहिजे, आपण फळ्यावर केलं तर उपयोग नाही.

आणि गॅसचं विचारलंत म्हणून सांगतो, ऊर्जा "गॅसमध्ये" नसतेच. गोबरगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजन. सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंध चार, प्रत्येकी 414 म्हणजे 1656. ऑक्सिजनचे दोन, प्रत्येकी 498 म्हणजे 996. एकूण खर्च 2652. बनतं काय, कार्बन डायऑक्साइडचे दोन दुहेरी बंध, साधारण 800 प्रमाणे 1600, आणि पाण्याचे चार ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन), 463 प्रमाणे 1852, एकूण 3452. वरचे 800 किलोज्यूल म्हणजे आपली भाकरी भाजणारी उष्णता. ही मिळाली कारण ऑक्सिजनचा दुहेरी बंध तसा लेचापेचा आहे आणि त्याच्या जागी बनणारे बंध घट्ट आहेत. मिथेन एकटा असेल, हवा नसेल, तर कसली आग? टाकीच्या आत ज्वाळा नसते, शेगडीवर हवा मिळते तिथेच असते. त्या चित्र काढणाऱ्या पोराला सांगा, चित्र छान आहे, फक्त ज्वाळा मोडलेल्या काडीजवळ नको, नवीन काडी जुळते तिथे काढ. फाडून टाकायला लावू नका.

---

फटाका_धुळे

मास्तर सगळं पटलं पण मग फटाक्याचं काय? तिथे तर ऑक्सिजन हवेतून घ्यायला वेळच नसतो, वातीपासून आत गेलं की धडाम. तिथे तरी बंध फुटूनच ऊर्जा येते ना?

---

तापीकाठचा_मास्तर

नाही भाऊ, तिथेही हिशोब तोच. फटाक्याच्या काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याच्यातच ऑक्सिजन बांधून आणलेला असतो म्हणून हवेची वाट बघावी लागत नाही. आणि जुळून बनतं काय तर कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियमचे क्षार आणि नायट्रोजन. नायट्रोजनचा तिहेरी बंध 946 किलोज्यूलचा आहे, एवढा घट्ट बंध फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. असले घट्ट बंध क्षणात बनतात म्हणून एवढी ऊर्जा एकदम निघते, आणि तापलेला वायू पसरायला जागा मागतो म्हणून कागद फाटून आवाज होतो. आपल्याला दिसतो तो कागद फाटताना, म्हणून वाटतं फुटण्यातून आलं.

---

बायोवाली_ताई

मी धुळ्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. सर, तुमच्या पोराने आमच्याकडे बोट दाखवलं आणि ते बरोबर आहे, म्हणून मला लिहावंसंच वाटलं.

आम्ही "हाय एनर्जी बॉन्ड" म्हणतो, त्यावर नागमोडी रेघ काढतो, आणि तो तुटला की एनर्जी रिलीज होते असं म्हणून पुढे जातो कारण पुढे ग्लायकोलिसिस, क्रेब्ज सायकल, सगळं उरलेलं असतं. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. ती नागमोडी रेघ जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 च्या लेखात वापरली, त्यांना पुढे 1953 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा असा होता की फॉस्फेटचा तो गट दुसरीकडे गेला की पेशीला कामापुरती ऊर्जा उपलब्ध होते. पूर्ण अभिक्रियेचा तो हिशोब होता. पण वर्गात येईपर्यंत त्याचं "या बंधाच्या पोटात ऊर्जा भरलीय" असं झालं.

खरं काय होतं ते मी आता असं सांगते. एटीपी एकटं तुटत नाही, पाण्याशी अभिक्रिया होते. एटीपी अधिक पाणी, मग एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेला एटीपी) अधिक फॉस्फेट. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पाण्याचा ओ-एच तोडायलाही लागते. पण त्यांच्या जागी नवीन बंध बनतात, शिवाय एटीपीमध्ये तीन फॉस्फेट शेजारी शेजारी, सगळ्यांवर ऋण प्रभार, एकमेकांना ढकलत बसलेले असतात, गर्दीच्या एसटीत तिघांच्या सीटवर पाच जण बसल्यासारखे. एक उतरला की बाकीचे नीट बसतात. सुटलेल्या फॉस्फेटभोवती पाण्याचे रेणूही छान जमतात. हे सगळं जमाखर्च करून प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल मोकळी ऊर्जा (कामाला लावता येणारी) उरते. तुटण्याचा खर्च त्यात आधीच वजा झालेला आहे.

वाक्य फार बदलावं लागत नाही. "बंध तुटल्यामुळे" च्या जागी "एटीपीची पाण्याशी अभिक्रिया झाल्यामुळे" एवढं म्हणायचं. मी गेल्या वर्षीपासून म्हणते आणि आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनाही सांगून ठेवलंय की मी काय शब्द वापरते. तुमची पोरं ज्या कॉलेजला जातात तिथल्या बायोच्या शिक्षकांशी एकदा बोलून बघा ना, फोन केला तरी चालेल. पोरांसमोर "बायोवाले चुकीचं शिकवतात" असं मात्र म्हणू नका, त्याने पोरं अजूनच गोंधळतात.

---

केळीबाग_रावेर

मी काही शिक्षक नाही, केळीवाला आहे, रावेर तालुक्यात बाग आहे आणि भावाचं रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची थंड खोली) आहे. मुलगी अकरावीला आहे तिने हा धागा दाखवला, वाचत बसलो, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक म्हणजे मास्तरांनी जो हिशोब मांडला तो आमच्यासाठी नवीन नाहीच, हा सरळ शेतीचा हिशोब झाला. आधी बेणं, खत, ठिबक, मजुरी, हा खर्च आधी करावाच लागतो, तो केल्याशिवाय घड निसवतच नाही. मग माल कापला की पैसे येतात. खर्चापेक्षा जास्त आले तर नफा, कमी आले तर तोटा. पण खर्च दोन्ही वेळेस झालाच. पोरं शेतकऱ्यांची असतील तर त्यांना असं विचारा, "बेणं घेतल्यामुळे पैसे मिळाले" असं कोणी म्हणतं का? आणि मेणबत्तीच्या काडीचं पण तेच वाटतं मला, ते सुरुवातीचं भांडवल, एकदा चक्र सुरू झालं की मेणबत्ती स्वतःच्या कमाईतून पुढचा खर्च भागवते. भांडवल लागलं म्हणून धंदा तोट्यात आहे असं नसतं.

दुसरं, चेंबरमधलं. कच्ची केळी कॅरेटात भरून चेंबरला लावतो, इथिलीन (फळ पिकवणारा) गॅस साधारण 24 तास देतो, आणि मग खरं काम सुरू होतं ते एसीचं. कारण केळी पिकायला लागली की स्वतःच गरम होतात. आम्ही केळाच्या गरात सुई खुपसून टेम्परेचर बघतो, चेंबरची हवा 17 दाखवत असली तरी मधल्या कॅरेटातली केळी दोन-तीन डिग्रीने वर गेलेली असतात. कॅरेटांमध्ये फट ठेवली नाही, हवा खेळली नाही, तर मधला माल आतून शिजल्यासारखा मऊ होतो, साल हिरवीच राहते. एकदा घाईत कामगारांनी कॅरेटं भिंतीला टेकवून खेटून लावली, अख्खी मधली रांग गेली होती आमची. नवीन माणसाला पहिल्यांदा सांगावं लागतं की बाबा, केळीला ताप येतो.

हे पण तुमचंच ना, उष्मादायी? आग नाही, धूर नाही, पण उष्णता निघते. ओल्या कापसाची गंजी घातली की आत हात घालवत नाही एवढी तापते, शेणखताचा ढीग हिवाळ्यात वाफा सोडतो, ते पण हेच का?

---

तापीकाठचा_मास्तर

केळीवाले भाऊ, तुमचं उदाहरण माझ्या अठ्ठावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.

हो, तेच. केळं झाडावरून उतरलं तरी जिवंत असतं, श्वसन चालू असतं. पिकताना स्टार्चची साखर होते आणि त्यातली थोडी साखर ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. ग्लुकोज पूर्ण वापरलं तर मोलमागे 2800 च्या आसपास किलोज्यूल, म्हणजे 180 ग्रॅम साखरेमागे. तीच साखर शेगडीत जाळली तर निघतात तेवढेच, फक्त हळूहळू. आणि शेगडीप्रमाणे इथेही ऑक्सिजन लागतोच. कापसाच्या गंजीत आणि शेणखतात ते काम जंतू करतात. पोरांच्या डोक्यात उष्मादायी म्हणजे ज्वाळा, स्फोट असंच असतं, त्यांना हे हळू चालणारं दाखवलंच पाहिजे. सर, शक्य असेल तर पोरांना एकदा चेंबर दाखवायला न्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न्या म्हणजे सुई वर गेलेली दिसेल.

---

नीटची_तयारी

मी बारावीला आहे, नीट देणार आहे. सर, आमच्या बाजूने सांगते आम्ही कुठे अडकतो.

बंधाचं मला आता कळलं, पण खरा घोळ वजाच्या चिन्हाचा होतो. बॉन्ड एन्थाल्पीचं गणित करताना फॉर्म्युला असतो अभिक्रियाकारकांचे बंध वजा उत्पादितांचे बंध. आणि फॉर्मेशन एन्थाल्पीचं गणित आलं की उत्पादितं वजा अभिक्रियाकारकं. एकच डेल्टा एच (अभिक्रियेतला उष्णतेचा बदल) काढायचा आणि एकदा हे आधी एकदा ते आधी! आम्ही दोन्ही पाठ करतो आणि पेपरात उलटं लिहितो. आमच्या क्लासमध्ये कुणालाच कारण माहीत नव्हतं. मला मोठ्या बहिणीने सांगितलं की बॉन्ड एन्थाल्पी म्हणजे तोडायचा खर्च, म्हणून तुटलेल्यांचा खर्च अधिक आणि बनलेल्यांचा वजा. आणि फॉर्मेशन एन्थाल्पी म्हणजे मूलद्रव्यांपासून तो पदार्थ बनताना झालेला बदल, म्हणून शेवटचं वजा सुरुवातीचं. त्या दिवसापासून मी फॉर्म्युला पाठच केला नाही. मास्तरांनी दिलेल्या मिथेनच्या गणितात 2652 वजा 3452 केलं की उणे 800 येतं, आणि उणे म्हणजे सिस्टिमच्या खात्यातून गेले, आपल्याला मिळाले.

आणि युरियाच्या ग्लासाबद्दल. दहावीत मीपण उष्मादायी म्हणाले असते कारण कोणीच सांगत नाही की कुणाकडून कुणाकडे. उष्णता बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? ग्लासाच्या बाहेर? पाण्याच्या बाहेर? प्लीज आधी ते ठरवून द्या.

---

शिकवणी_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल केलेलं सांगतो.

ताईंनी (नीटवाल्या) विचारलं तिथूनच सुरू केलं, कशाच्या बाहेर? दहावीच्या पोरांसमोर स्टीलचा ग्लास, 100 मिली पाणी, थर्मामीटर 29. त्यात 30 ग्रॅम युरिया, शेतातलाच गोणीतला. ढवळलं. सगळ्यांनी हळूहळू आकडे वाचले, 25, 22, 19, 18 ला थांबला. ग्लासाला बाहेरून दव आलं. एक मुलगी ग्लास गालाला लावून म्हणते, "सर, हाऊ ते फ्रिजमाईन काढेल लागी ऱ्हायना!"

आता विचारलं, उष्णता कुठे गेली? बहुतेकांचं तेच, बाहेर हवेत गेली. मग मी म्हटलं, बाहेर हवा 32 आहे, ग्लास 18. 18 वाल्याकडून 32 वाल्याकडे उष्णता जाईल का? गप्प. एक जण म्हणाला, उलट हवेकडून ग्लासाकडे येईल. मग पाण्याची उष्णता गेली कुठे? बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मीही बोललो नाही, मास्तरांचं ऐकून थांबलो. शेवटी तीच गालवाली म्हणाली, "युरियाने घेतली असेल." का घेतली? "सुटायला."

खरं सांगतो अंगावर काटा आला. माठ मी आदल्या दिवशी केला होता, तिने तो इथे आणला. मग सांगितलं की युरियाचे रेणू खड्यात एकमेकांना घट्ट धरून होते, ते सोडवायचा खर्च जास्त आणि पाण्याने त्यांना धरल्यावर मिळालेलं कमी, तूट पाण्याने, थर्मामीटरने आणि तुझ्या गालाने भरली. एक मोल म्हणजे 60 ग्रॅमला साधारण 15 किलोज्यूल. म्हणजे युरियाने ग्रहण केली, म्हणून उष्माग्राही, आणि आपण, पाणी, ग्लास, हवा हे सगळे "बाहेरचे". मला आता कळतंय की पोरांच्या दृष्टीने ग्लासातलं सगळं म्हणजे "आतलं" होतं, थर्मामीटर तर आतच उभा होता. त्यांनी थर्मामीटरचा आकडा अभिक्रियेचा आकडा म्हणून वाचला, तो शेजाऱ्याचा होता.

मग खायचा सोडा आणि लिंबूसत्व. पाणी टाकायच्या आधी सगळ्यांना कागदावर लिहायला लावलं, गरम होईल की गार. जवळजवळ सगळे गरम म्हणाले कारण फसफसणार. फसफसलं आणि गार झालं. गोंधळ, आरडाओरडा, सगळ्यांना हात लावून बघायचा. हे युरियासारखं नुसतं विरघळणं नाही, नवीन पदार्थ बनतात, तरी गार. एका पोराने विचारलं, तोट्यात जाते तर ही अभिक्रिया होतेच कशाला? अकरा जणांच्या दहावीच्या बॅचला एन्ट्रॉपी (पसरण्या-विखुरण्याचं माप) कशी सांगू कळेना, एवढंच म्हटलं की वायू सुटा होऊन पसरतो तेही निसर्गाला चालतं, बारावीला आलास की तुझा प्रश्न मी पहिला घेईन. वहीत त्याचं नाव लिहून ठेवलंय.

बारावीच्या बॅचला केळीवाल्या भाऊंचा हिशोब सांगितला. तो चित्रवाला पोऱ्या कोण ते कळलं, त्याने स्वतःहून कागद परत मागितला आणि ज्वाळा खोडून दुसरीकडे काढल्या. पण खालचं "साठवलेली" तसंच ठेवलंय. मी काही बोललो नाही.

भाऊ, चेंबर बघायला आलो तर चालेल का? पोरं पंधरा-सोळा होतील. आणि मास्तर, शनिवारी चुनकळीवर (न विझवलेल्या चुन्यावर) पाणी टाकायचा प्रयोग करायचा विचार आहे, युरियाच्या उलट बाजू म्हणून. 56 ग्रॅमला 65 किलोज्यूल म्हणजे चांगलाच तापेल ना?

---

केळीबाग_रावेर

या की सर, खुशाल या. पुढच्या आठवड्यात कच्च्या मालाची गाडी लागणार आहे, गॅस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या. पोरांना स्वेटर आणायला सांगा. गॅस चालू असताना दरवाजा उघडता येत नाही म्हणून दिवस मी कळवतो तोच पक्का धरा. सुई पोरांनाच खुपसू देऊ.

---

तापीकाठचा_मास्तर

सर, चुनकळीचं जपून. 56 ग्रॅम अजिबात घेऊ नका, सुपारीएवढा एक खडा पुरे, आणि तोही पोरांच्या हातात नाही. ताजी चुनकळी असेल तर खड्यावरचं थोडं पाणी उकळून उडतं, आणि उडालेला चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जातं, आमच्या गावात तंबाखूच्या चुन्याच्या पुडीने एका लहान पोराचा डोळा गेलेला मी पाहिलाय. काचेचा ग्लास नको, तडकतो, जाड स्टीलचं पातेलं घ्या. खडा आधी पातेल्यात ठेवा आणि पाणी वरून लांबून चमच्याने थोडं थोडं सोडा, पोरं चार हात मागे, तुमच्या डोळ्यावर चष्मा. शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवा. हात लावून बघायचं नाही, पातेल्याला बाहेरून थर्मामीटर टेकवा.

जुनी, हवा लागलेली चुनकळी असेल तर काहीच होणार नाही आणि पोरांना वाटेल सर खोटं बोलले. आदल्या रात्री घरी एक खडा टाकून बघून घ्या.